मी व्हेराक्रूझ पाहिलेलं नाही

मी एक जुना शेकर आहे. शेकर म्हणजे पेय हलवून एकजीव करायचं भांडं. पोट, पोटावर जाळीचं झाकण आणि त्यावर एक छोटी टोपी, एवढाच माझा संसार. माझ्या पोटात जे ढवळलं जातं ते मोठ्या माणसांचं. तेव्हा छोट्या मित्रांनो, तुम्ही पेय सोडून द्या, गोष्ट तेवढी घ्या.

समुद्रावरच्या एका उंच कड्यावर एक हॉटेल आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी उभा असतो. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे. येणारेजाणारे वाकून वाचतात, 'व्हेराक्रूझच्या हासिंताने दिलेली भेट', आणि एकमेकांकडे बघून हसतात. मित्रांनो, मी व्हेराक्रूझ पाहिलेलं नाही. आणि हासिंता नावाची बाई तर कुणीच पाहिलेली नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. तिथे चमचे, पळ्या आणि आम्ही एकाच छपराखाली घडलो. माझ्यावर चांदीचा मुलामा चढवला तेव्हा मला फार ऐट वाटली होती. ती ऐट मेसिनाच्या रेल्वे स्थानकावरच्या बारमध्ये उतरली. तिथे कुणाला हलवून केलेलं पेय प्यायला सवड नव्हती. माणसं यायची, उभ्याउभ्या कॉफी घशात ओतायची आणि गाडीमागे धावायची. माझ्यात त्यांनी काही वर्षं सुटी नाणी ठेवली, मग काड्यापेट्या ठेवल्या. पुढे बार बंद पडला आणि मी कातानियाच्या जुन्या बाजारात एका चादरीवर येऊन बसलो, एका बाजूला तुटकं घड्याळ आणि दुसऱ्या बाजूला पाय तुटलेली संताची मूर्ती.

तिथे मला अगातीनाने उचललं. तिची बोटं मला पहिल्याच स्पर्शाला कळली. खरखरीत, टोकांना तपकिरी डाग पडलेली. अवोला या तिच्या गावच्या बायकांची बोटं बदामाच्या हंगामात अशीच होतात, आणि अगातीनाचे डाग हंगाम सरला तरी जात नसत. तिच्या बापाची बदामाची बाग होती. कडू बदाम आणि जर्दाळूच्या बियांचा गर मद्यार्कात मुरवून ती एक गोड दारू करायची. घरात त्या दारूला नुसतं 'बदामी' म्हणत.

"हे कशासाठी घेताय बाई?" बाजारातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"नवऱ्याचे हात रिकामे झालेत," ती म्हणाली. "त्यांत काहीतरी द्यायला हवं."

तिचा नवरा सावेरियो. तो मोठ्या प्रवासी जहाजावर बारमध्ये कामाला होता. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण घरात राहिलेले दिवस जोडले तर त्यांचं एखादं वर्ष झालं असतं. लोक विमानाने फिरायला लागले, जहाज भंगारात गेलं आणि सावेरियो घरी आला. आला तो बोलतच आला. सकाळी उठल्यापासून 'आमच्या जहाजावर' सुरू. आमच्या जहाजावर पाव असा कापत, आमच्या जहाजावर चादरी अशा घालत. अगातीना ऐकून घ्यायची. चौदा वर्षं तिने ज्याची वाट पाहिली तो माणूस घरात होता, पण अजून किनाऱ्याला लागला नव्हता.

तिने मला टेबलावर ठेवलं. त्याने माझी टोपी काढली, जाळी काढली, वास घेतला.

"काड्यापेट्यांचा वास येतोय," तो म्हणाला.

"मग घास. जहाजावर भांडी घासत नव्हते का?"

त्याने मला राखेने आणि लिंबाच्या सालीने असं घासलं की माझा उरलासुरला मुलामा उजळून निघाला. मित्रांनो, तो दिवस माझा खरा जन्मदिवस.

पुढच्या ऑगस्टमधली ती दुपार. बाहेर अंगण तव्यासारखं तापलेलं. सावेरियोला आठवण झाली ती टकीला नावाच्या परदेशी दारूच्या एका बाटलीची. एकदा त्याचं जहाज महासागरापलीकडच्या व्हेराक्रूझ बंदराला, टकीलाच्या देशात, लागलं होतं. बाकीचे गाव बघायला गेले. सावेरियोची दाढ सुजली होती, म्हणून तो दोन्ही दिवस जहाजातच कण्हत पडला होता. बाटली त्याच्या मित्राने आणून दिली होती. त्याने पाहिलेलं व्हेराक्रूझ ते एवढंच.

"मार्गारिता करतो," तो म्हणाला. "टकीला, लिंबू आणि संत्र्याची गोड दारू. पेल्याच्या काठाला मीठ."

"संत्र्याची दारू कुठाय आपल्याकडे?"

"नाही. मग राहू दे."

"राहू दे काय? सरक." अगातीनाने कपाटातून बदामी काढली. सावेरियो हां हां म्हणेपर्यंत तिने ती माझ्या पोटात ओतली. मग उन्हाळी हिरवी लिंबं पिळली, अगदी तिच्या खरखरीत तळव्याने, बिया बोटांच्या फटीत अडवून. टकीला दोन वाटे, बदामी एक, लिंबू एक. वर बर्फ.

"मीठ?" त्याने विचारलं.

"थोडंसं." तिने भाजलेले बदाम खलबत्त्यात कुटले, त्यांत साखर आणि चिमूटभर मीठ घातलं आणि पेल्यांचे काठ लिंबाने ओले करून त्यात फिरवले. "आता हलव. माझ्याकडे काय बघतोस? हलव."

त्याने मला दोन्ही हातांत धरून असं हलवलं की माझ्या अंगावर दव धरलं. पेल्यात ओतलं ते फिकट सोनेरी होतं. सावेरियोने घोट घेतला.

आणि गप्प राहिला.

पंख्याची घरघर ऐकू येत होती. अगातीना घाबरली. "काय झालं? कडू झालं का?"

त्याने दुसरा घोट घेतला. मग त्याने पेला खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं, जहाजावरून आल्यापासून पहिल्यांदा. "कुठे शिकलीस हे?"

"इथेच. आत्ता."

"आमच्या जहाजावर..." तो म्हणायला लागला आणि पुढचं त्याला सुचेना. अगातीना जी हसत सुटली! मला धुवायला तिने उचललं होतं; ती हसत असताना मी तिच्या हातून निसटलो, फरशीवर आदळलो आणि माझ्या कुशीला पोचा पडला. दुखलं नाही मला. तशा हसण्यापायी कुणालाही पोचा चालेल.

त्या पेयाला तिने नाव ठेवलं 'मुकी'. "तुझी वाचा बसवणारी एवढी एकच," ती म्हणायची. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ती दोघं गच्चीवर एकेक पेला मुकी घेऊन बसत. बोलणं थोडं असे. त्या घरात लग्न खरं लागलं ते त्या दुपारी, आणि त्याचा साक्षीदार मी.

मग या हॉटेलचे व्यवस्थापक स्कूदेरी यांनी सावेरियोला बारवर घेतलं. अगातीनाने मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवलं, बरोबर बदामीच्या बाटल्या आणि कुटलेल्या बदामांचा डबा. "मुकी प्यायला दे लोकांना," ती म्हणाली. "आणि सांग, अवोलाची आहे म्हणून."

पहिल्याच आठवड्यात मिलानहून आलेल्या एका बाईंनी मुकी प्यायली. डोळे मिटले, उघडले आणि त्या म्हणाल्या, "अहो, काय चव आहे! हे कुठून आणलंत तुम्ही?"

मी सावेरियोच्या हातात होतो. मी वाट पाहत होतो, की आता अगातीनाचं नाव येईल. सावेरियोने बाईंच्या गळ्यातले मोती पाहिले, मागे उभ्या असलेल्या स्कूदेरींकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला आमचं स्वयंपाकघर दिसलं असावं. तो घरघरणारा पंखा, पोपडे आलेली भिंत, एप्रनला हात पुसत उभी असलेली बायको. त्याने ओठ ओले केले.

"व्हेराक्रूझहून," तो म्हणाला.

"अय्या! कुणी शिकवलं?"

"होती एक," सावेरियो म्हणाला. "नर्तकी होती. हासिंता."

मित्रांनो, धातूला काळीज नसतं म्हणतात. मग त्या क्षणी माझ्यात काय हललं? माझ्या पोटात तर तेव्हा थेंबही नव्हता.

ती गोष्ट लोकांना आवडली. गोष्ट आवडली की तिला पाय फुटतात. हासिंताला काळे डोळे आले, पायांत घुंगरू आले. पुढच्या महिन्यात मी तिने दिलेली भेट झालो. त्यानंतर एकदा सावेरियोने माझ्या पोच्यावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "जहाज सुटताना तिने धक्क्यावरून रागाने हा भिरकावला. हा बघा, ही तिच्या रागाची खूण." सगळे हळहळले. अगातीनाचं हसणं त्याने हासिंताचा राग करून टाकलं होतं. हॉटेलच्या फळ्यावरही 'मुकी'ऐवजी 'हासिंता' लिहून आलं. बदामी मात्र अवोलाहूनच येत होती. अगातीना दर आठवड्याला बाटल्या भरून द्यायची आणि विचारायची, "आवडते ना रे लोकांना?"

"खूप," तो म्हणायचा. तेवढं खरं होतं.

हॉटेल सोमवारी बंद असे. सोमवारी सावेरियो मला घेऊन घरी यायचा. असाच एका सोमवारी तो दाढी करायला न्हाव्याकडे गेला होता आणि शेजारची मेलीना परडीभर वांगी घेऊन आली. मेलीनाच्या मुलीचा साखरपुडा नुकताच आमच्या हॉटेलात झाला होता. तिच्या पोटात गोष्ट खदखदत होती.

"तीना, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"तू विचारल्याशिवाय राहणार आहेस का?"

"अगं, ही हासिंता कोण गं?"

अगातीनाचा वांगं घेतलेला हात थांबला. मेलीनाने सगळं सांगितलं. डोळे, घुंगरू, धक्का, निरोप. "पुरुषाची जात, बाई. जहाजावर कोण बघायला जातंय? पण असं भर समारंभात सांगायचं? माझे व्याही ऐकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं तुझ्यासाठी."

अगातीना पांढरी पडली. तिला वाटलं, खरंच कुणी होती. चौदा वर्षांतली कुठली रात्र, कुठलं बंदर, ती मनातल्या मनात शोधायला लागली. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आणि तो शेकर," मेलीना म्हणाली, "तो पण तिचाच म्हणे. तिने भिरकावला म्हणून त्याला पोचा आलाय."

अगातीनाने सावकाश मान वळवली. मी फडताळावर होतो. तिने मला उचललं आणि अंगठा पोच्यात टेकवला. तिथे तो बरोबर बसायचा. मग तिच्या चेहऱ्यावरची शोधाशोध थांबली. तिला कळलं होतं, की दुसरी कुणी नव्हतीच. सावेरियोने तिलाच पुसून त्या जागी दुसरीचं चित्र काढलं होतं.

"मेलीना," ती म्हणाली, "वांगी चांगली आहेत. किती द्यायचे?"

"चल, काहीतरीच! मी काय सांगतेय नि ही काय विचारतेय!"

त्या शनिवारी सूर्य कलल्यावर अगातीना हॉटेलच्या गच्चीवर आली. निळा झगा घातला होता, केस घट्ट बांधले होते. एकटीच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. सावेरियो मला हलवत होता. त्याने तिला पाहिलं आणि त्याच्या हातांची लय मोडली.

स्कूदेरी तिला ओळखत नव्हते. ते अदबीने पुढे झाले. "बाईसाहेब, आमची हासिंता घेऊन बघा. आणि सावेरियोच्या तोंडून तिची गोष्ट ऐकल्याशिवाय जायचं नाही हं. सावेरियो! सांगा यांना."

सगळ्या टेबलांवरची तोंडं वळली. सावेरियोने मला छातीशी धरलं होतं. अजूनही वेळ होती, मित्रांनो. 'ही माझी बायको. तिनेच हे केलं,' एवढं म्हटलं असतं तर लोक हसले असते, स्कूदेरी दोन दिवस फुगले असते आणि संपलं असतं. अगातीना त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती त्याला संधी देत होती.

सावेरियोने गोष्ट सुरू केली. "व्हेराक्रूझला एक नर्तकी होती."

पहिल्या वाक्याला आवाज अडखळला, पुढे सवयीने सरळ झाला.

"दिसायला कशी होती?" अगातीनाने मध्येच विचारलं.

"काळे... काळे डोळे होते."

"आणि हात?"

सावेरियोने खाली पाहिलं. "नाजूक," तो म्हणाला.

अगातीनाने आपले हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले. "आणि बदाम? तिकडे बदाम होतात?"

"तिच्या आईचं गुपित होतं ते," सावेरियो म्हणाला. लोक हसले. एकाने टाळी दिली.

ती उठली, बारपाशी आली आणि त्याच्या हातातून मला काढून घेतलं. त्याने सोडलं. तिने मला पिशवीत घातलं आणि चालू लागली. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिशवीत मला त्या टाळ्या पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या.

सावेरियो दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला. अगातीना बदाम सोलत होती. मी टेबलावर होतो.

"नुसती गोष्ट होती, तीना. कुणी नव्हती तशी. आईची शपथ."

"माहीत आहे."

"मग?"

"खरी असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. नसलेल्या बाईशी भांडू कशी?"

तो खुर्चीत बसला. "तिथले लोक वेगळे असतात गं. बायकोने स्वयंपाकघरात केलं म्हटलं, तर कोण ऐकणार? लोकांना गोष्ट लागते."

"मलाही लागायची," अगातीना म्हणाली. "आपली होती की एक. ती पण देऊन टाकलीस."

सावेरियो तिचा हात धरायला गेला. तिने बदामाची परात पुढे ओढली. "कामावर जायचंय ना तुम्हाला? उशीर होईल."

'तुम्हाला.' चौदा वर्षं समुद्रावर असणाऱ्याला तिने कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्याच्या हातून त्याची हॅट खाली पडली. ती उचलून तो निघून गेला.

मी घरी राहिलो. लाकडी डावांशेजारी माझी जागा होती. अगातीना मला पुसायची, पण मुकी तिने पुन्हा केली नाही. बदामी पाठवणंही बंद केलं. मला वाटलं, आता हॉटेलात हाहाकार होईल. काही झालं नाही. स्कूदेरींनी दुकानातून बदामाची दारू आणवली. कुणालाही फरक कळला नाही. लोक चवीसाठी येतच नव्हते.

पण त्यांना भांडं हवं होतं. पोच्यावर बोट टेकवल्याशिवाय गोष्ट रंगत नव्हती. एका रविवारी अगातीना चर्चमध्ये गेली असताना सावेरियो घरात शिरला. मला उचलताना म्हणाला, "हंगामापुरतंच. मग आणून ठेवतो." मला त्याने त्याच टॉवेलात गुंडाळलं. घरधन्याने आपल्याच घरात चोरपावलांनी चालावं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

हंगाम संपला. स्कूदेरींनी कपाट करवून घेतलं होतं, पाटी घडवून घेतली होती. सावेरियो एकदा म्हणाला, "साहेब, घरी न्यायचा होता." ते म्हणाले, "अहो, हा आता हॉटेलची शान आहे. घरी नवा न्या." त्याने नवा नेला. अगातीनाने तो मेलीनाला देऊन टाकला. मेलीना त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते म्हणे.

हे सगळं मला सावेरियोच सांगायचा. रोज सकाळी काच पुसायच्या निमित्ताने तो माझ्याशी बोलत असे. "वेळेवर जेवायला वाढते. कपडे धुते. आजारी पडलो तर रात्रभर बसते. पण अजून अहोच म्हणते रे." त्याचे केस पांढरे झाले तरी हे बदललं नाही.

मग एकदा, भरल्या गच्चीत, कुणीतरी गोष्ट मागितली. सावेरियो कपाटापाशी येऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "हासिंता नव्हतीच. हे पेय माझ्या बायकोने केलं. अगातीनाने. अवोलात, आमच्या स्वयंपाकघरात. हा पोचा तिच्या हसण्याने पडला."

मग एक गृहस्थ डोळा मारून म्हणाले, "बायको आलीय वाटतं कुठेतरी!" सगळी गच्ची खोखो हसली. सावेरियो हात हलवून सांगत राहिला, "नाही हो, खरंच..." तो जितकं सांगे तितके लोक हसत. खोटं मोठं झालं की जन्मदात्यालाही ओळख देत नाही.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा काच पुसायला आला. "सांगितलं रे तिला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं म्हणून."

ती काय म्हणाली असेल, मी कान टवकारले.

"म्हणाली, 'बरं केलंत. जेवून घ्या, गार होतंय.'"

सावेरियो आता कामावर येत नाही. नवी पोरं ती गोष्ट सांगतात, आणि त्याच्यापेक्षा छान सांगतात.

मित्रांनो, माझी तक्रार अडगळीची नाही. मला रोज पुसतात, माझ्यावर दिवा सोडतात, माझे फोटो काढतात. एवढी निगा आयुष्यात कधी झाली नव्हती. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातचं काहीतरी असेल, लोणचं असेल, स्वेटर असेल, गाणं असेल. बाहेर कुणी वाखाणलं आणि विचारलं, की हे कुणी केलं, तर आजूबाजूला कोण उभं आहे, कुणाच्या गळ्यात काय आहे, ते बघत बसू नका. त्या पहिल्या प्रश्नालाच नाव सांगून टाका. दुसऱ्या प्रश्नापर्यंत उशीर झालेला असतो.